टिवल्या दोनदा

१

पहिलं पान ठीक होतं. दुसरंही ठीक होतं. आणखी थोडी पानं उलटली आणि भिंगरी एवढ्या जोरात खिदळली, की कागद कापण्याच्या यंत्रावरचा माणूस दचकला आणि त्याने आधी आपली बोटं जागेवर आहेत का ते पाहिलं.

"अरे बघा, बघा! पानावर नाव कुजबुजचं, खाली लिहिलंय 'गर्दीत बोलायला मला भीती वाटते', आणि फोटो कुणाचा? लवंगीचा!"

लवंगी हा त्यांच्या वर्गातला बुटका मुलगा. पण तो मैदानावर बोलला, तरी ग्रंथालयातल्या बाई मान वर करून "श्श!" म्हणायच्या. भीती हा शब्द त्याच्या आसपासही फिरकलेला नव्हता. टिवल्या तर हसून हसून कोऱ्या कागदांच्या थप्पीवर आडवा झाला. कुजबुजही हसली, म्हणजे निदान ओठ तरी हलले. तिचं सगळंच हळू आवाजात चालायचं, म्हणून तर वर्गाने तिचं नाव कुजबुज ठेवलं होतं. आणि भिंगरीला भिंगरी का म्हणायचे, हे तिला दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं की कुणालाही कळलं असतं.

"पुढे बघ, पुढे!"

पुढे लवंगीच्या नावावर दोन वेण्यांची मुलगी. त्या मुलीच्या पानावर, 'माझे लांबसडक केस ही आईची देणगी आहे' या वाक्याच्या डोक्यावर, नुकतंच टक्कल केलेला एक मुलगा. असं एकापुढे एक, प्रत्येक जण दुसऱ्याच्या घरात घुसल्यासारखा. मग टिवल्या. आणि पान उलटलं तर पुन्हा टिवल्या! पहिला पाहुणा म्हणून, दुसरा स्वतःच्या पानावर.

"मी दोनदा?" टिवल्या ताडकन उठून बसला. "असू दे, असू दे. मागणीच तेवढी आहे."

त्याच्यानंतर मात्र सगळे आपापल्या जागी होते. अगदी शेवटच्या पानावर, वर्गातली सगळ्यात उंच मुलगी म्हणून, भिंगरीही सगळे दात दाखवत आपल्याच नावाखाली बसलेली होती.

"मामा! मामा, लवकर ये, गंमत बघ!"

भिंगरीचा मामा या छापखान्यात संगणकावर पानं लावायचा. तो हात पुसत आला, पुस्तक घेतलं, चार पानं उलटली. मग थप्पीतलं दुसरं पुस्तक उघडलं. मग तिसरं. सगळी बांधून, कडा कापून, तयार झालेली पुस्तकं. शाळा सोडून जाणाऱ्या शेवटच्या वर्गाचं निरोपाचं पुस्तक, प्रत्येकाला एक पान. उद्या सकाळी आईवडिलांसमोर ते वाटायचं होतं, आणि ही तिघं तेच न्यायला आली होती.

मामाने पुस्तक इतक्या हळू मिटलं, जणू आत कुणी झोपलं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. भिंगरी हसायची थांबली. मामाला असं तिने कधी पाहिलंच नव्हतं. हा माणूस ओरडायचा, चिडवायचा, शिट्टी वाजवायचा. पण भाचीसमोर मान खाली घालून उभा राहायचा नाही.

"फोटो कुणी टाकले यात?" मागून आवाज आला. छापखान्याच्या मालकीणबाई कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नव्हतं.

"मी," मामा म्हणाला.

"छापायच्या आधी तपासलं कुणी?"

"मीच."

मालकीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "लोकांची मुलं आहेत ती, भाजी नव्हे, कुठल्याही टोपलीत टाकायला. त्या खुर्चीवर ज्याचं लक्ष राहील असा माणूस मला बघावा लागेल."

आणि भिंगरी, जिला गप्प राहणं जन्मात जमलं नव्हतं, दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"माझा मामा चुकत नाही! हे कुणीतरी मुद्दाम केलंय. मशिनं बंद व्हायच्या आत त्याला तुमच्यासमोर उभं करते की नाही बघा!"

२

"तोंडाला कुलूप लाव ना कधीतरी," मामा म्हणाला. तो संगणकासमोर बसला होता, पण खुर्चीच्या अगदी कडेवर, जणू ती आत्ताच दुसऱ्याची झाली होती. "मुद्दाम कोण करेल? मीच कुठेतरी माती खाल्ली असणार."

"आधी सांग, तू फोटो टाकतोस कसे? एकेक?"

"एकेक टाकत बसलो तर म्हातारा होईन. हे बघ." त्याने पुस्तकाची फाइल उघडली. "ही छपाईला तयार पानं. मजकूर बसलाय, नावं बसलीत, तुमच्या बाईंनी तपासून सहीसुद्धा केली. फोटोच्या जागी नुसती रिकामी चौकट. आता हे फोल्डर, यात तुमचे सगळ्यांचे फोटो, उंचीने नंबर टाकलेले. बुटका आधी, उंच शेवटी. पानंही त्याच क्रमाने. अख्खं फोल्डर उचलायचं आणि सांगायचं, भर. पहिला फोटो पहिल्या चौकटीत, दुसरा दुसऱ्या. घाऊकात काम, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुस्तक भरलं."

"म्हणजे यंत्र तोंड बघून बसवत नाही?"

"त्याला काय ठाऊक कुणाचं तोंड कुठलं? रांगेत जो पुढे उभा, तो पुढच्या चौकटीत."

शाळेत त्यांना फोटोसाठीही असंच उंचीच्या रांगेत उभं केलं होतं. भिंगरीने मान डोलावली. तिच्या शेजारी स्टुलावर कुजबुज बसली होती. तपासात मदतनीस लागतो, म्हणून भिंगरीने तिला हाताला धरूनच आणलं होतं.

"आणि तपासतोस कसा?"

मामाने डोळे चोळले. "मोजतो. फोटो जितके, पानं तितकी. एक जरी कमी पडला, तर चौकट रिकामी राहते आणि पडद्यावर लाल पट्टी येते. ती आली नाही. मग पहिलं पान बघतो, मधलं बघतो, शेवटचं बघतो. तिन्ही बरोबर होती. इतकी वर्षं तिन्ही बरोबर म्हणजे सगळं बरोबर." तो थांबला. "मालकीणबाईंना हे सांगायचीसुद्धा लाज वाटते. वर्गातल्या सगळ्या पोरांचे चेहरे माझ्या हातात होते, आणि मी बघितले तीन."

 भिंगरीचं डोकं गरगर फिरायला लागलं होतं. "हे फोल्डर तुझ्याशिवाय कोण उघडू शकतं?"

"इथे बसेल तो. कुलूपबिलूप काही नाही. तुमची वरात आली होती ना त्या दिवशी फोटो बघायला?"

आली होती! भिंगरीला तो दिवस आठवला आणि त्या गडबडीतही तिचे गाल फुलले. किती धमाल आली होती. फोटो नुकतेच आले होते, मामा एकेक पडद्यावर दाखवत होता आणि भिंगरी प्रत्येकावर काहीतरी बोलत होती. टक्कलवाल्याला ती 'उकडलेलं अंडं' म्हणाली. स्वतःच्या फोटोला 'दातांच्या डॉक्टरची जाहिरात' म्हणाली. कुजबुजचा फोटो आल्यावर तर, "अय्या, हा तर माझा कोट! कॉलरवरचा शाईचा डाग बघा, ती माझी करामत! म्हणजे अर्धा फोटो माझाच झाला की!" सगळे खो-खो हसले होते. मग छपाईच्या मशिनात कागद अडकला, मामा तिकडे धावला, आणि भिंगरी आणि टिवल्या कागद कापायचं यंत्र बघायला मागच्या खोलीत पळाले. फोटो पोचवायला आलेले फोटोवाले काका चहाचा पेला शोधत फिरत होते. कुजबुज तेवढी आली नाही. मागे कागदाची धूळ असते, धुळीने शिंका येतात, म्हणाली.

"म्हणजे संशयित तीन," भिंगरीने बोटं मोजली. "फोटोवाले काका, टिवल्या..."

"आणि?"

"आणि तू, मामा. रागावू नकोस. नियम म्हणजे नियम."

३

फोटोवाल्या काकांचं दुकान छापखान्याच्या समोरच होतं. काचेत नवरानवरीचे फोटो होते. त्यातल्या एका नवऱ्याला उन्हाने एवढं पांढरं केलं होतं, की नवरी एकटीच लग्न करतेय असं वाटायचं.

"चुकलो? मी?" काका छातीवर हात ठेवून म्हणाले. "पोरी, मी तुझ्या आईचा बारशाचा फोटो काढलाय. ती रडत होती, तरी हसरा आला."

"काका, नंबर घालताना काही इकडचं तिकडे..."

"ये, बघ. स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

त्यांनी संगणक सुरू केला. त्यांच्याकडे मूळ फोटो तसेच होते. काका ते भराभर पुढे सरकवत गेले आणि टिवल्याजवळ थांबले. "हा बघ. माझ्याकडे हा एकदाच आहे. आणि एकदा पुरे आहे."

भिंगरी पुटपुटली, "म्हणजे दुसरा टिवल्या छापखान्यात जन्मला."

"माझ्या दुकानातून गेलं ते चोख गेलं. पुढे तुमच्या मामाने काय दिवे लावले ते मला विचारू नकोस." मग काकांचा आवाज जरा खाली आला. "पण एक सांगतो. फोटो बघताना त्या दिवशी तुम्ही पोरं फार हसलात. फोटो काढून घेणारा माणूस जरा उघडा पडलेला असतो, बाई. हसताना जपून."

भिंगरीला वाटलं, काकांना त्यांच्या फोटोंचा राग आलाय. "नाही हो काका, फोटो झकासच होते!" ती म्हणाली आणि रस्ता ओलांडूनही गेली. कुजबुज तिच्या मागून, दोन पावलं अंतर ठेवून आली. काचेतल्या त्या पांढऱ्या नवऱ्याकडे ती जरा वेळ बघत उभी राहिली होती.

परत आल्यावर दारातच मालकीणबाई फोनवर बोलताना दिसल्या.

"हो, पानं लावणारा हवाय," त्या म्हणत होत्या. "उद्यापासून येईल?"

४

टिवल्या पुस्तकं बांधायच्या खोलीत होता. कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा ढीग होता आणि त्यात तो पाय पसरून बसला होता. भिंगरी त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कुजबुज त्याच ढिगाच्या कडेला टेकली. पट्ट्या उडाल्या, बारीक भुसा हवेत तरंगला.

"टिवल्या, कबूल हो. तू स्वतःला दोनदा टाकलंस."

"बाईसाहेब, पुरावा?"

"पुरावा तुझं थोबाड! दोन पानांवर छापलंय! अख्ख्या पुस्तकात तू एकटा दोनदा आहेस. फोल्डरमध्ये तुझ्या फोटोची नक्कल कुणीतरी केली. नक्कल केली की ती मूळ फोटोच्या बरोब्बर मागे जाऊन उभी राहते, म्हणून दोन टिवल्ये शेजारी शेजारी. आणि असल्या टवाळक्या वर्गात कोण करतं? मागच्या वेळी हजेरीत स्वतःला दोनदा 'हजर' कोण म्हणालं होतं?"

टिवल्याने नाटकीपणे हात जोडले. पण मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो सरळ बसला.

"भिंगरे, जरा डोकं चालव. मी जर केलं असतं, तर स्वतःच्याच शेजारच्या पानावर कशाला बसलो असतो? पहिल्या पानावर बसलो असतो. नाहीतर मुख्याध्यापकांच्या संदेशावर! मला एवढी संधी मिळाली आणि मी असली मिळमिळीत टवाळी केली, असं तुला वाटतं? हा माझा अपमान आहे."

 टिवल्याची बाकी कुठलीही गोष्ट खोटी असेल, पण टवाळीबद्दलचा अभिमान खरा होता.

"आणि दुसरं," टिवल्या म्हणाला, या वेळी न हसता. "तुझा मामा मला फुकट कोरे कागद देतो विमानं करायला. मी त्याची खुर्ची कशाला घालवू?"

भिंगरी मटकन खाली बसली. पुस्तक मांडीवर घेतलं. काका नाहीत. टिवल्या नाही. उरला मामा, आणि मामा हे करणं म्हणजे स्वतःच बसलेली फांदी तोडणं. पलीकडे मशिनांचा खडखडाट एकेक करून थांबायला लागला होता.

"मोजले तर बरोबर होते," ती स्वतःशीच बोलली. "फोटो जितके, पानं तितकी. लाल पट्टी आलीच नाही. आणि तरी टिवल्या दोन..."

ती थांबली.

"थांब, थांब, थांब. टिवल्या एकाचा दोन झाला, म्हणजे एक फोटो वाढायला हवा. पण वाढला नाही. म्हणजे..."

"म्हणजे?" टिवल्याने विचारलं.

"म्हणजे एक कमी झाला! आपण सगळे बघत बसलो, कोण कुणाच्या पानावर. पण कोण कुठेच नाही, हे बघितलंच नाही कुणी!"

तिने पहिल्यापासून पानं उलटली. नावं वाचलीच नाहीत, फक्त चेहरे बघितले. लवंगी आहे. वेण्यांवाली आहे. अंडं आहे.  टिवल्या, टिवल्या. जोड्या लावत ती शेवटपर्यंत, स्वतःच्या दातांपर्यंत पोचली. मग बोट परत मागे, जिथून घोळ सुरू झाला त्या पानावर आलं. त्या पानाच्या आधी सगळे बरोबर होते. त्या पानापासून सगळे एक घर पुढे सरकले होते, कारण तिथला एक माणूस रांगेतून निघून गेला होता.

पानावरचं नाव तिने सकाळी मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

भिंगरीने मान वर केली नाही. वर करायची हिंमत होईना. बराच वेळ त्या धुळीत तिच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं, आणि एकदाही शिंकलं नव्हतं.

५

"टिवल्या, मामाला सांग मी पाच मिनिटांत येते."

"अगं पण कोण..."

"जा ना रे."

त्याने अंगावरच्या पट्ट्या झटकल्या आणि गेला.

 कुजबुजने गुडघे पोटाशी घेतले होते. अंगात तोच कोट होता, शाळेचा, कोपरावर नीट रफू केलेला. कॉलर तिने आत दुमडून घेतली होती. भिंगरीला आठवेना, ती कॉलर कधीपासून दुमडलेली आहे. त्या दिवसापासून असणार. रोज शेजारी बसत होती, आणि तिला दिसलं नव्हतं.

"शिंका येत नाहीत तुला धुळीने," भिंगरी म्हणाली.

"नाही येत."

"त्या दिवशी तू एकटीच राहिलीस तिथे."

"हं."

"आणि तुझा फोटो..."

"काढून टाकला." कुजबुज जमिनीकडे बघत होती. "त्या दिवशी फोटो दाखवताना मामा बोलले होते ना, एक कमी पडला तर लाल पट्टी येते. मग टिवल्याचा अजून एक ठेवला. तो एकटाच असा आहे की कुणी हसलं तर त्याला चालतं. मला वाटलं, ज्याचा फोटो त्याच्याच पानावर जाईल आणि माझ्याच पानावर काहीतरी भलतं येईल. माझ्याकडे कोण बघतंय? एवढं सगळं सरकेल, हे मला ठाऊक नव्हतं, भिंगरी. शपथ."

"पण मग मामाला ओरडा बसला तेव्हा..."

"तोंडच उघडेना. सकाळपासून म्हणतेय, आता सांगेन, आता सांगेन." तिने दुमडलेली कॉलर आणखी आत खुपसली. "तू माझा हात धरून मला सगळीकडे नेत होतीस. चोर शोधायला."

भिंगरीने कोटाकडे पाहिलं. तिला आठवलं, तिच्या आईने तो कोट धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळून कुजबुजच्या आईकडे दिला होता. आणि भिंगरीला बजावलं होतं, "याचा शब्द काढायचा नाही कुठे. कळलं?" ती "हो गं" म्हणाली होती. आणि मग साऱ्यांसमोर, पडद्यावर एवढ्या मोठ्या फोटोपुढे, बोट दाखवून हसली होती. अर्धा फोटो माझाच झाला की! तो दिवस तिने आत्तापर्यंत धमाल म्हणून जपून ठेवला होता.

तिच्या कानांतून वाफ निघतेय असं वाटलं. धुळीच्या ढिगात डोकं खुपसून बसावं. माझ्यावर कुणी असं हसलं असतं तर? पण तिच्यावर कुणी हसलंच नव्हतं कधी. ती आधीच हसून घ्यायची, सगळ्यांवर.

"माझा नवा कोट घाल," ती घाईघाईने म्हणाली. "आत्ता घाल. काकांकडे जाऊ, नवा फोटो काढू. मस्त येईल!"

कुजबुजने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"नको. मग तोही तुझाच होईल."

बाहेरून मालकीणबाईंची हाक आली, "काय गं भिंगरे? मशिनं बंद झाली. कुठे आहे तुझा चोर?"

६

सगळे मामाच्या टेबलाभोवती उभे होते. मालकीणबाई, टिवल्या, आणि "माझ्या फोटोंचं नाव निघालंय तर मी ऐकणार" म्हणून आलेले काका. मामाने खुर्चीवर बसायचं सोडून दिलं होतं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या टेबलावरचा त्याचा पेला, चष्म्याचं घर, भिंगरीने लहानपणी दिलेला कागदाचा बेडूक, हे सगळं त्याने एका पिशवीत भरलं होतं. 

कुजबुज दाराशी उभी होती. एक पाय आत, एक बाहेर.

भिंगरीने आजवर अशा क्षणाची किती स्वप्नं पाहिली होती! सगळे गोल उभे आहेत, ती हात मागे बांधून फेऱ्या मारतेय, आणि मग बोट दाखवते, अमुक! आता बोट खिशातून निघत नव्हतं.

"काकांकडून फोटो बरोबर आले," ती म्हणाली. "त्यांच्याकडे टिवल्या एकच आहे. मामाने मोजले तेव्हाही आकडा बरोबर होता. पण मध्ये कुणीतरी एक फोटो काढून टिवल्याची नक्कल ठेवली होती. काढला त्या जागेपासून नकलेच्या जागेपर्यंत सगळे एक घर सरकले. त्याच्या आधीचे आणि नंतरचे जागेवर. पहिलं, मधलं, शेवटचं पान बघितलं तर बरोबरच दिसणार. मामाने अदलाबदल केली नाही. त्याला फसवलं गेलं."

"कुणी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हात कुणाचा, ते मी सांगणार नाही."

"तूच म्हणालीस ना, माझ्यासमोर उभं करेन?"

"मी उभी आहे ना." ती एक पाऊल पुढे आली. "का झालं ते सांगते. त्या दिवशी मी एका फोटोवर हसले. फोटोत काही हसण्यासारखं नव्हतं. मला आईने जे बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं, तेच मी सगळ्यांसमोर बोलले आणि सगळ्यांना हसवलं. आपल्या फोटोवर पुन्हा कुणी हसू नये, एवढंच त्या माणसाला हवं होतं. मला तर कळलंही नव्हतं. सकाळी तो फोटो पुस्तकात नाही, हेसुद्धा मला दिसलं नाही. आणि मी म्हणे त्या माणसाची जिवलग मैत्रीण."

हे शेवटचं वाक्य तोंडातून निसटलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. पण आता काय उपयोग?

 टिवल्या आपल्या बुटांकडे बघत होता. "मीपण हसलो होतो," तो म्हणाला.

"मीसुद्धा," भिंतीपासून मामा म्हणाला. "पडद्यावर मोठा करून मीच दाखवला होता."

काका चष्मा पुसायला लागले.

मालकीणबाईंनी पुस्तक उचललं. पानं उलटली, एका पानावर थांबल्या, दाराकडे एकदाच पाहिलं आणि पुस्तक मिटलं. त्यांनी नाव विचारलं नाही. नाव सांगायची गरज उरली नव्हती, पण ते नाव त्या खोलीत कुणीही मोठ्याने घेतलं नाही, आणि त्याबद्दल भिंगरी त्यांना जन्मभर दुवा देणार होती.

"मीच केलं," दारातून आवाज आला. बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मामांना घालवू नका."

मालकीणबाई मामाकडे वळल्या. "पिशवी रिकामी कर. पण तीन पानं बघून पुस्तक सोडायचं, हे यापुढे चालणार नाही. प्रत्येक पान. प्रत्येक चेहरा."

"प्रत्येक," मामा म्हणाला. त्याने आधी बेडूक काढून टेबलावर ठेवला. "घोळ पहिल्या दोन फर्म्यांतच आहे." मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडग्याला ते फर्मा म्हणायचे. "तेवढे दोन नवे छापू, पुस्तकं उसवून परत बांधू. सकाळपर्यंत होतंय. फक्त..." तो खुर्चीवर बसला आणि पडद्याकडे तोंड करून, कुणालाच विचारल्यासारखं न करता म्हणाला, "फक्त एक फोटो लागेल. नवा काढायचा असला तर काका इथेच आहेत."

"काढतो की!" काका म्हणाले. "पैशाबिशाचं बोलूच नका."

"जुनाच टाका," कुजबुज म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पाहिलं म्हणून लगेच इकडेतिकडे पाहिलं.

"नक्की?" मामाने विचारलं.

"तो मला आवडला होता." ती भिंगरीकडे बघत नव्हती. "ही बोलायच्या आधी."

भिंगरीला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. ती म्हणणार होती, चुकलं गं. ती म्हणणार होती, मला किनई खरंच वाटलं नव्हतं. जिभेवर अशी तीन-चार वाक्यं गर्दी करून उभी होती, आणि त्यातलं एकही तिने सोडलं नाही.

काकांनी फोटो आणून दिला. मामाने या वेळी फोल्डर उचलून भरलं नाही. एकेक पान उघडायचं, नाव वाचायचं, चेहरा बघायचा, मग पुढे. सगळे त्याच्या मागे उभे राहून बघत होते आणि कुणीही कुणालाही अंडं म्हणत नव्हतं. मग ते पान आलं. चौकटीत कुजबुज आली, जुन्या कोटात, कॉलरवर शाईचा डाग, आणि हसत होती. खरं हसत होती, डोळ्यांनी. हे भिंगरीला त्या दिवशी दिसलंच नव्हतं. तिला डाग दिसला होता.

खाली कुजबुजने लिहिलेला मजकूर होता. सकाळी भिंगरीने त्यातली पहिली ओळ वाचली होती आणि पुढचं पान उलटलं होतं.

'गर्दीत बोलायला मला भीती वाटते. पण माझी एक मैत्रीण आहे, ती दोघींचं मिळून बोलते. ती बरोबर असली की मला कसली भीती वाटत नाही.'

मामाने ते वाचलं आणि घसा खाकरला. "जाऊ का पुढे?"

"जा," कुजबुज म्हणाली, आणि कोटाच्या बाहीने नाक पुसायला लागली.

भिंगरीने खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला. माझा आहे, असं ती म्हणाली नाही.